घटक ४ : दृश्य साधने, प्रकल्प-नियोजन आणि गटसंवाद

४.१ उद्दिष्टे

प्रस्तुत घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला :
• प्रकल्पकार्यातील दृश्य साधनांचे स्वरूप व प्रयोजन स्पष्ट करता येईल.
• कालपट, कार्यफलक आणि नकाशा या तीन साधनांमधील फरक सांगता येईल.
• दूरदूर राहणाऱ्या सहकाऱ्यांच्या गटासाठी साधा कार्यफलक तयार करता येईल.
• फलकावरील नोंदी नेमक्या मराठीत लिहिता येतील.
• दृश्य साधनांच्या मर्यादांची चर्चा करता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ मध्ये 'कालनिर्णय' सुरू केले आणि तिथी, सण व मुहूर्त सामान्य माणसाला एका दृष्टिक्षेपात दिसू लागले. तथापि घरातील माणसांनी या दिनदर्शिकेला आणखी एक काम दिले. दूध न आलेल्या दिवसावर फुली, गॅसची टाकी लावली त्या तारखेभोवती गोल, भिशीच्या दिवशी एक टिंब. ही चिन्हे कोणी शिकवली नाहीत. तरीही घरातील प्रत्येकाला ती कळतात आणि महिनाअखेरीस दुधाचा हिशेब करताना वाद होत नाही.

या साध्या उदाहरणात या घटकाचे सूत्र सामावलेले आहे. अनेक माणसांनी मिळून करावयाचे काम एका जागी सर्वांना दिसेल असे मांडले, तर स्मरणावरचा भार कमी होतो आणि परस्परांविषयीचे गैरसमजही कमी होतात. मागील घटकात आपण इतिवृत्त, कार्यक्रमपत्रिका आणि अहवाल या लिखित प्रकारांचा परिचय करून घेतला. झालेल्या गोष्टींची नोंद इतिवृत्त ठेवते. चालू असलेल्या कामाची स्थिती मात्र वेगळ्या प्रकारे मांडावी लागते. त्यासाठी दृश्य साधने उपयोगी पडतात.

मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. आपण नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकतो. गटप्रकल्पातील सहकारी रोज भेटत नाहीत. अशा गटातील एखादा सदस्य मागे पडला तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे संकोचामुळे तो अभ्यासकेंद्रावर येणेच टाळतो. काम अडले आहे हे वेळीच दिसले असते, तर त्याला मदत मिळाली असती.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ दृश्य साधन म्हणजे काय?

कामाचे भाग, त्यांचा क्रम, त्यांची स्थिती आणि त्यांची जबाबदारी ज्या मांडणीतून पाहताक्षणी कळते, तिला आपण येथे 'दृश्य साधन' म्हणू. आकृती, तक्ता, फलक, नकाशा, रंग, चिन्ह ही तिची माध्यमे होत. सजावटीचे चित्र आणि दृश्य साधन यांत फरक आहे. पाहणाऱ्याला 'आता मी काय करावे' याचे उत्तर ज्यातून मिळते, तेच दृश्य साधन होय.

निरोप आणि फलक यांच्यातही फरक आहे. भ्रमणध्वनीवरील गटात टाकलेला निरोप शुभेच्छांच्या आणि छायाचित्रांच्या ओघात तासाभरात वर सरकून जातो. निरोप वाहता असतो आणि फलक स्थिर असतो. म्हणून 'कालच सांगितले होते' आणि 'मी पाहिलेच नाही' या दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

४.३.२ एक मराठी उदाहरण : मुंबईचे डबेवाले

दृश्य साधनांवर उभ्या राहिलेल्या कार्यपद्धतीचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण म्हणजे मुंबईची डबे पोहोचविण्याची व्यवस्था. तिची सुरुवात १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांच्याकडून झाली, असे मानले जाते. पुणे जिल्ह्यातील मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेल्या माणसांनी ती वाढवली. २०२० च्या महासाथीपूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दीड ते दोन लाख डबे पोहोचवीत असत. यांतील अनेकांचे शालेय शिक्षण अल्प होते.

घरातून निघालेला डबा कार्यालयात पोहोचेपर्यंत अनेक हातांतून जातो. पहिला माणूस शेवटच्या माणसाला भेटत नाही. या दोघांमधील संवाद डब्याच्या झाकणावर रंगवलेला असतो. डबा कोणत्या भागातून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरवायचा, तेथून तो कोणी न्यायचा, कोणती इमारत आणि कोणता मजला, एवढेच त्या अक्षर-अंक-रंगांच्या खुणांत असते. डबा कोणाचा आहे किंवा त्यात कोणती भाजी आहे, हे झाकणावर नसते.

यातून तीन तत्त्वे हाती येतात. पहिले, पुढच्या हाताला जेवढे लागते तेवढेच लिहावे. दुसरे, खूण सर्वांनी एकच वापरावी. तिसरे, खूण कामाच्या वस्तूवरच असावी, दूरच्या वहीत नसावी. मात्र केवळ खुणांमुळे ही व्यवस्था चालते असे समजणे चूक ठरेल. प्रत्येक गटाला मुकादम असतो आणि एखादा डबेवाला आजारी पडला तर त्याचा भार इतर जण उचलतात. खुणा आणि आपुलकी या दोन्हींच्या आधारावर ही व्यवस्था उभी आहे.

४.३.३ तीन प्रमुख साधने

(अ) कालपट : आडव्या दिशेने आठवडे व उभ्या दिशेने कामे मांडून प्रत्येक काम केव्हा सुरू होईल व केव्हा संपेल, हे पट्टीने दाखवणाऱ्या तक्त्याला कालपट म्हणतात. पोलंडमधील अभियंता कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ च्या सुमारास अशा प्रकारची मांडणी केली होती. पुढे अमेरिकन अभियंता हेन्री गँट (१८६१–१९१९) यांच्या तक्त्यांमुळे ती जगभर पोहोचली. म्हणून तिला 'गँट तक्ता' असेही म्हणतात. कोणती कामे एकाच वेळी चालू शकतात आणि कोणत्या कामासाठी थांबावे लागेल, हे कालपट दाखवतो.

(आ) कार्यफलक : प्रत्येक काम एका चिठ्ठीवर लिहून ती 'करावयाचे', 'चालू', 'अडलेले', 'झालेले' अशा रकान्यांतून सरकवत नेण्याची ही पद्धत आहे. जपानमधील टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात चिठ्ठ्यांची जी पद्धत विकसित केली, ती 'कानबान' या नावाने ओळखली जाते. या जपानी शब्दाचा मूळ अर्थ पाटी किंवा फलक असाच आहे. या पद्धतीचा महत्त्वाचा नियम असा की, 'चालू' रकान्यात एका वेळी ठरावीक संख्येपेक्षा अधिक कामे असू नयेत. दहा कामे अर्धवट राहण्यापेक्षा दोन कामे पूर्ण होणे गटाच्या हिताचे असते. ट्रेलोसारख्या संगणकीय साधनांतही हीच कल्पना आहे. भिंतीवरचा फलक तेथे पडद्यावर आला, एवढेच.

(इ) नकाशा : काम 'कोठे' झाले आणि कोठे झाले नाही, हे नकाशा सांगतो. ग्रामीण अभ्यासात गावकऱ्यांनी जमिनीवर रांगोळी, खडे, बिया मांडून स्वतःच्या गावाचा नकाशा काढण्याची पद्धत रूढ आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानातही शिवारफेरी करून गावाचा आराखडा तयार करण्यावर भर होता. ओढा, बांध, विहीर, पाणलोट ही स्थळे पायी पाहून मग कागदावर आणणे हा शिवारफेरीचा हेतू होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

(१) कंसातील योग्य पर्याय निवडा.
(क) 'कानबान' या शब्दाचा मूळ अर्थ .......... असा आहे. (पाटी / घड्याळ / साखळी)
(ख) कोणत्या कामासाठी थांबावे लागेल, हे .......... दाखवतो. (नकाशा / कालपट / निरोप)
(२) एका वाक्यात उत्तर लिहा.
(क) डब्याच्या झाकणावर कोणत्या स्वरूपाची माहिती असते?

४.३.४ उपयोजन : कंधार परिसरातील शब्दसंकलन

आता ही साधने एका प्रकल्पाला लावून पाहू. पुढील उदाहरण अध्ययनासाठी कल्पिलेले आहे. त्यातील गावे व परिसर मात्र खरे आहेत.

नांदेड जिल्ह्यातील कंधार हे मन्याड नदीच्या खोऱ्यातील प्राचीन गाव. राष्ट्रकूटांचा वारसा, जगत्तुंग सागर आणि भुईकोट किल्ला यांमुळे ते इतिहासात प्रसिद्ध आहे. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील मराठीत उर्दू-दखनी शब्दांची मिसळण आहे. तेलुगू व कन्नड भाषक प्रदेश जवळ आहेत आणि तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. अशा परिसरात शेती व घरबांधणीशी संबंधित बोलीशब्दांचे संकलन करण्याचा प्रकल्प सहा विद्यार्थ्यांच्या गटाने घेतला आहे, अशी कल्पना करा. दोघे कंधार शहरात राहतात. इतर चौघे फुलवळ, बारूळ, पेठवडज आणि उस्माननगर येथे राहतात. एक ताई अंगणवाडी सेविका आहेत, एक दादा शेती करतात, एका भाऊंचे किराणा दुकान आहे. सर्वांची भेट फक्त रविवारी होते.

या प्रकल्पात विलंबाची किंमत मोठी आहे. विहिरीवर मोट चालू असताना 'नाडा', 'सोंदूर', 'धाव', 'थारोळे' हे शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात होते. विजेचे पंप आले, मोट गेली आणि हे शब्द वापरण्याचे प्रसंगही गेले. ज्यांनी स्वतः मोट हाकली, ती माणसे आज वृद्ध आहेत. माळवदाच्या घराचे, बारवेचे, तिफणीचे शब्दही याच वाटेवर आहेत. 'पुढच्या महिन्यात मुलाखत घेऊ' असे म्हणून पुढे ढकललेली एखादी भेट कायमची राहून जाऊ शकते. म्हणून कोणती मुलाखत आधी घ्यावयाची, हा प्रश्न येथे केवळ सोयीचा उरत नाही.

पहिली पायरी – कालपट. गटाने नोव्हेंबर ते जानेवारी असे बारा आठवडे ठरवले :

• शब्दपत्रिकेचा नमुना ठरवणे : आठवडा १ ते २
• एक सराव-मुलाखत व दुरुस्ती : आठवडा ३
• मुलाखती : आठवडा ४ ते ८
• शब्दांची पडताळणी : आठवडा ५ ते १०
• वर्गीकरण व अर्थनोंद : आठवडा ९ ते ११
• अहवाललेखन : आठवडा ११ ते १२

या मांडणीतून दोन गोष्टी लक्षात येतात. शब्दपत्रिकेचा नमुना ठरल्याशिवाय मुलाखती सुरू करता येत नाहीत. अन्यथा एक जण शब्दाचा उच्चार नोंदवील, दुसरा केवळ अर्थ, आणि दोन्ही नोंदी एकत्र करता येणार नाहीत. याउलट पडताळणीसाठी सर्व मुलाखती संपण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

कालपट तयार करताना स्थानिक दिनमानही त्यावर आणावे. मार्गशीर्षाच्या अखेरीस लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. त्याच सुमारास वेळ अमावस्येला, म्हणजे लोकांच्या बोलीत 'येळवशी'ला, घरदार शेतात जेवायला जाते. या दिवशी अभ्यासकेंद्रावर बैठक ठेवली तर कोणी येणार नाही. त्याच दिवशी शेतातील जेवणाच्या पंगतीत बसलो, तर मात्र शेतीविषयक शब्दांची उत्तम नोंद होऊ शकते. एकच तारीख बैठकीसाठी गैरसोयीची आणि संकलनासाठी अनुकूल ठरते. कालपटावर सण लिहिले तरच हे दिसते.

दुसरी पायरी – कार्यफलक. अभ्यासकेंद्रातील भिंतीवर जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर गटाने चार रकाने आखले. पाचव्या आठवड्याच्या रविवारी फलक असा दिसतो :

करावयाचे : पेठवडज – तिफण-वखराचे शब्द, उस्माननगर – घरबांधणीचे शब्द
चालू : बारूळ – पिकांच्या काढणीचे शब्द
अडलेले : फुलवळ – मोटेचे शब्द (आजोबा मुलाकडे पुण्याला गेले आहेत)
झालेले : शब्दपत्रिका, सराव-मुलाखत, कंधार – दोन मुलाखती

'अडलेले' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. तो नसता, तर फुलवळचे काम 'चालू' रकान्यातच पडून राहिले असते आणि ताई काम टाळत आहेत असा समज झाला असता. अडचण दिसताच दुकानदार भाऊ सुचवतात की, आजोबांशी दूरध्वनीवर बोलता येईल. बारूळचे दादा त्यांच्या गावातील दुसऱ्या जाणत्या शेतकऱ्याचा पत्ता देतात. फलक गटाला जोडून ठेवतो तो असा. तो हजेरीपुस्तकासारखा वापरला, तर लोक अडचणी लपवू लागतील.

जे सदस्य रविवारी येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी फलकाचे छायाचित्र त्याच संध्याकाळी गटावर पाठवावे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांना एकाने दूरध्वनीवरून फलक वाचून दाखवावा. ही जबाबदारीही चिठ्ठीवर लिहून फलकावर लावावी.

तिसरी पायरी – नकाशा. आठव्या आठवड्यात गट तालुक्याचा हातनकाशा काढतो आणि जेथून शब्द मिळाले तेथे टिंब देतो. तेव्हा लक्षात येते की, सर्व टिंबे पक्क्या रस्त्यांलगतच्या गावांवर आहेत. तांड्यांवर, आडबाजूच्या वाड्यांवर एकही टिंब नाही. ग्रामीण विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये हाच दोष दाखवून दिला होता. बाहेरून येणारा अभ्यासक डांबरी सडकेवरून जेवढे दिसते तेवढ्यालाच खेडे समजतो, असा त्यांचा आक्षेप होता. आपल्या गटातील सदस्य बाहेरचे नाहीत, तरीही तोच दोष त्यांच्या कामात शिरला. शब्दांची यादी कितीही लांब असली तरी तिच्यातून ही उणीव कळली नसती.

४.३.५ फलकाची भाषा

दृश्य साधनांतही भाषा असतेच, आणि जागा थोडी असल्यामुळे तिची कसोटी अधिक कठोर असते. पुढील दोन नोंदींची तुलना करा.

(क) मुलाखतींबाबत आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल.
(ख) पेठवडज – तिफणीचे शब्द, दादा दोघांची मुलाखत घेतील, १५ डिसेंबरपर्यंत.

पहिल्या वाक्यातील 'करण्यात येईल' या कर्मणी वळणाच्या रचनेत कर्ता नाहीसा झाला आहे. कार्यालयीन पत्रव्यवहारात अशी रचना कधी आवश्यक असते. फलकावर मात्र ती घातक ठरते, कारण कर्त्याबरोबर जबाबदारीही नाहीशी होते. दुसऱ्या नोंदीत स्थळ, विषय, कर्ता, परिमाण आणि मुदत या पाचही गोष्टी आहेत. यावरून पुढील संकेत पाळावेत :

१. प्रत्येक चिठ्ठीवर एकच काम लिहावे.
२. कर्ता स्पष्ट असावा. 'सर्वांनी' असे लिहिल्यास काम कोणाचेच राहत नाही.
३. 'लवकर', 'शक्य तितके' यांऐवजी तारीख व संख्या लिहावी.
४. अडचण वस्तुस्थिती म्हणून लिहावी, दोष म्हणून नव्हे. 'आजोबा गावी नाहीत' ही नोंद योग्य. 'ताईंनी उशीर केला' ही अयोग्य.
५. केवळ रंगावर विसंबू नये. काहींना लाल-हिरवा भेद ओळखता येत नाही. म्हणून रंगासोबत शब्द किंवा खूण द्यावी.

४.३.६ आराखडा कोणाच्या हातचा?

दृश्य साधन काढणारा माणूस कोण, यावर त्याचे सत्य अवलंबून असते. मराठवाड्याने याचा अनुभव घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. अनेक नव्या गावांचे आराखडे सरळ, रुंद, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे होते. कागदावर ते नीटनेटके दिसत. परंतु जुन्या गावातील अरुंद गल्ल्या, वाड्यांची अंगणे, भावकीची शेजारघरे यांतून जे रोजचे येणेजाणे होत असे, त्याला त्या रेषांत स्थान नव्हते. पुनर्वसनाचा अभ्यास करणाऱ्यांनी ही उणीव वारंवार नोंदवली आहे.

याच पुनर्वसन कार्यक्रमाची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या शेकडो गावांत घरांची दुरुस्ती व बळकटीकरण झाले, तेथे 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने गावातील स्त्रिया संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. शासनाची माहिती घराघरांत नेणे आणि घराची गरज यंत्रणेपर्यंत पोहोचवणे हे काम त्यांनी केले. आराखड्याला माणसांचा आवाज जोडावा लागतो, हे यातून दिसते.

४.३.७ मर्यादा

फलक अद्ययावत ठेवला नाही तर तो दिशाभूल करतो. जुना फलक हा फलक नसण्यापेक्षा वाईट. फलक कोठे लावला यावरही तो कोणाचा होतो हे ठरते. चावडीवरील फलक जर स्त्रियांच्या नजरेस पडत नसेल, तर त्यांच्यापुरता तो नाहीच. मुलाखत देणाऱ्यांची नावे व घरगुती माहिती सार्वजनिक फलकावर लिहू नये. आणि शेवटी, फलक बैठकीची जागा घेऊ शकत नाही. 'अडलेले' या रकान्यातील चिठ्ठी पाहून कोणीतरी 'ताई, काय झालं?' असे विचारावे लागते.

४.४ सारांश

दृश्य साधने सामूहिक कामाची स्थिती सर्वांसमोर ठेवतात. कालपट 'केव्हा', कार्यफलक 'कोण व कोठवर' आणि नकाशा 'कोठे' या प्रश्नांची उत्तरे देतो. मुंबईच्या डबेवाल्यांच्या खुणांतून मोजकेपणाचे, तर किल्लारीच्या पुनर्वसनातून सहभागाचे महत्त्व कळते. फलकावरील मराठी नेमकी, कर्ता दाखवणारी आणि दोषारोप टाळणारी असावी. साधन कागदाचे असो वा पडद्यावरचे, अडचण सांगण्याचा विश्वास गटात असेल तरच ते उपयोगी पडते.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

(१) (क) पाटी (ख) कालपट
(२) (क) डबा कोठून निघाला, कोठे उतरवायचा, कोणी न्यायचा आणि कोणत्या इमारतीत व मजल्यावर पोहोचवायचा, एवढीच पुढच्या हाताला लागणारी माहिती असते.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. निरोप आणि फलक यांमधील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'अडलेले हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे' या विधानाची चर्चा करा.
३. पुढील नोंद फलकासाठी पुन्हा लिहा : 'ग्रंथालयाच्या साफसफाईसंदर्भात सर्वांकडून शक्य तितक्या लवकर योग्य ते सहकार्य अपेक्षित आहे.'

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील सत्तरी ओलांडलेल्या एका व्यक्तीला भेटा. आज वापरात नसलेल्या एखाद्या अवजाराचे चित्र त्यांच्याकडून काढून घ्या आणि त्याच्या प्रत्येक भागाचे नाव त्यांच्याच उच्चाराप्रमाणे चित्रावर लिहा. ते चित्र पुढील संपर्कसत्रात सहकाऱ्यांना दाखवा. या भेटीसाठी तारीख आजच ठरवा आणि ती घरच्या दिनदर्शिकेवर लिहा.